कुटुंबाची परदेश सहल: सर्वांनी सर्वत्र एकत्रच फिरले पाहिजे का?

राजापूरची सून

भातकापणी उरकल्यानंतर आणि मोहोराच्या फवारण्या सुरू होण्यापूर्वी आंबा बागायतदाराच्या घराला जी थोडी उसंत मिळते, तिच्यात आम्हांला सिंगापूरची छोटी सहल बसवायची आहे. मे महिन्यात घराबाहेर पडण्याचा विषय आमच्याकडे कोणी काढतसुद्धा नाही, त्यामुळे मुलांची दिवाळीची सुट्टी एवढाच मार्ग उरतो. अडचण दिवसांपेक्षा आवडीनिवडींची अधिक आहे. मामंजींना झाडे पाहायची आहेत, मोठ्या मुलीला सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या मनोरंजन उद्यानाखेरीज काही सुचत नाही, धाकट्याला प्राणिसंग्रहालय हवे आहे, यजमानांना बंदरातली जहाजे न्याहाळायची आहेत, आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना कोठेतरी निवांत बसायचे आहे. माझे मत असे आहे की दिवसा प्रत्येकाने आपापल्या वाटेने जावे आणि रात्रीच्या जेवणाला सर्वांनी एकत्र यावे. ते शहर पूर्व-पश्चिम जेमतेम ५० किलोमीटर आहे, मेट्रो सगळीकडे पोहोचते आणि प्रत्येक स्थानकात उद्वाहक आहे. मग सहाही जणांनी एकाच रांगेत उभे राहण्याचा हट्ट कशासाठी धरायचा?

चिपळूणचे मास्तर

ताई, मला हा विचार मुळीच पटत नाही. वर्षभर घरातला प्रत्येक जण वेगवेगळ्या दिशेला असतोच: कोणी बागेत, कोणी शाळेत, कोणी मोबाईलमध्ये. एवढा खर्च करून, रात्रीच्या कोकण रेल्वेने मुंबई गाठून, पुढे साडेपाच तासांचा विमानप्रवास करून तिथेही वेगवेगळेच फिरायचे असेल, तर त्या सहलीला कुटुंबाची सहल कशी म्हणायची? नातवाने आजोबांबरोबर बाग पाहताना थोडे कंटाळावे आणि आजोबांनी नातवासाठी पाळण्यांच्या गोंगाटात तासभर बसावे, यातच एकमेकांची ओळख होते. मला काळजी व्यवहाराचीही वाटते. परक्या शहरात ज्येष्ठ माणसाचा फोन बंद पडला, तर शोधाशोधीत अख्खा दिवस जाईल.

दोडामार्गचा बागायतदार

मास्तर, आपला मुद्दा आदरपूर्वक बाजूला ठेवतो. आपण ज्याला थोडे कंटाळणे म्हणता, ते सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डन्स या वनस्पती उद्यानात घडणार नाही, कारण ज्याला झाडांची ओढ आहे तो माणूस तिथून तासाभरात बाहेर पडतच नाही. ही बाग १८५९ पासूनची आहे आणि २०१५ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आमच्या दोडामार्गात आज रबराच्या ज्या बागा दिसतात, त्या पिकाच्या आशियातल्या इतिहासाचे एक मोठे पान याच बागेत लिहिले गेले आहे. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची रोपे तिथे आली, आणि १८८८ पासून बागेचे प्रमुख असलेल्या हेन्री रिडली यांनी झाडाला इजा न करता वारंवार चीक काढता येईल अशी साल कापण्याची पद्धत बसवली. पहाटे रबराच्या झाडाखाली वाटी लावणाऱ्या माणसाला तिथे उभे राहून काय वाटेल, ते सोबत आलेल्या किशोरवयीन मुलीला समजावून सांगता येत नाही, आणि का सांगावे? शिवाय बागेत प्रवेशाला पैसे पडत नाहीत, फक्त ऑर्किडच्या विभागाला तिकीट आहे. उलट युनिव्हर्सलचे प्रौढांचे तिकीट ८० सिंगापूर डॉलरहून अधिक आहे. ज्यांना एकाही पाळण्यात बसायचे नाही, अशा दोन ज्येष्ठांची तिकिटे केवळ एकत्र राहण्यासाठी काढणे मला तरी उधळपट्टी वाटते.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

खर्चाचा हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट अजून कोणीच बोललेले नाही. प्रत्येकाने आपापल्या वाटेने जायचे, असे ठरले की सासूबाईंजवळ कोण बसणार आणि धाकट्याला प्राणिसंग्रहालयात कोण नेणार, हे न बोलताच ठरलेले असते. राजापूरच्या ताईंनी स्वतःच्या प्रस्तावात घरातल्या सर्वांच्या आवडी सांगितल्या, स्वतःची मात्र सांगितली नाही. यजमान बंदरावर जहाजे पाहणार, मामंजी बागेत रमणार आणि ताई तिथेही घरातलेच काम करणार असतील, तर अशा विभागणीपेक्षा मास्तरांचे एकत्र फिरणे बरे. निदान त्यात जबाबदारी सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते.

राजापूरची सून

माहेरवाशीणबाईंचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला आहे. धाकट्याला मंडाईच्या प्राणिसंग्रहालयात तेच नेतील. खातिब मेट्रो स्थानकाहून तिथे जाण्यासाठी बस मिळते, त्यामुळे त्यांना सबब सांगता येणार नाही. जहाजे काय, सेंटोसाला जातानाही दिसतील. मला स्वतःला लिटिल इंडियातली दिवाळीची रोषणाई आणि टेक्का बाजारातली मासळी पाहायची आहे, तीही कोणाच्या पिशव्या न सांभाळता.

मास्तरांनी फोनची काळजी बोलून दाखवली, तिच्यावर उपाय आहे: प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा पत्ता आणि जवळच्या स्थानकाचे नाव लिहिलेला कागद असावा. मेट्रोत बँकेचे कार्ड टेकवून जाता येते, परंतु एका कार्डावर दोघांना आत सोडत नाहीत, त्यामुळे ज्येष्ठांसाठी प्रवासाची स्वतंत्र कार्डे आधीच घेऊन ठेवावी लागतील.

चिपळूणचे मास्तर

कागदाची युक्ती चांगली आहे, तरी माझा आग्रह कायम आहे, आणि आता त्यात पावसाची भर घालतो. नोव्हेंबरमध्ये तिथे दुपारनंतर विजांसह सरी कोसळतात. विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवले जातात. अशा वेळी एक जण बागेत, दुसरा बेटावर आणि तिसरा मंडाईत अडकून पडला, तर रात्रीचे ते एकत्र जेवण किती वाजता होणार? निदान एक पूर्ण दिवस तरी सर्वांचा असावा, आणि त्यासाठी पुलाऊ उबिन बेट घ्यावे, असे मी सुचवतो. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी होडी सुटते. तिला वेळापत्रक नाही. बारा माणसे जमली की ती निघते. आपल्याकडच्या तरीवर उभे राहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पलीकडे जुन्या धाटणीची घरे आहेत, भाड्याच्या सायकली मिळतात आणि चेक जावा या तिथल्या किनारी पाणथळ भागात कांदळवनातून पायवाट जाते.

दोडामार्गचा बागायतदार

खाडीकाठच्या माणसाने परदेशी जाऊन कांदळवन पाहायचे, हे मला पटायला वेळ लागेल. होडीत चढताना सासूबाईंच्या गुडघ्यांचे काय करायचे, तेही मास्तरांनी सांगावे.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

सासूबाईंना काय हवे आहे, हे आपण सगळे मिळून ठरवत आहोत. त्यांना कोणी विचारले आहे का?

राजापूरची सून

आत्ताच विचारले. त्या म्हणाल्या की बसायला पडवी आहेच, तिथे येऊन पुन्हा बसायचे नाही. नातीबरोबर त्या सेंटोसाला येणार आहेत. त्यामुळे युनिव्हर्सलचे एक तिकीट वाढले, आणि उबिनची होडी सध्या तरी मास्तरांच्या वहीतच राहील.