मदत हवी आहे : ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आम्ही काही जण संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचतो, सध्या सहावा अध्याय चालू आहे. मूळ गीतेत तिथे आसन, नासाग्री दृष्टी, मनाचा संयम. कुंडलिनीचं, म्हणजे देहात निजलेली मानतात त्या योगशक्तीचं, नावही नाही. माउली मात्र तिच्यासाठी कुंकवात न्हालेलं, वेटोळं घालून निजलेलं नागाचं पिल्लू समोर उभं करतात. ते जागं होतं आणि भुकेनं साधकाचं मांससुद्धा खात सुटतं! अंबाबाईच्या मस्तकावर सांगितला जाणारा नाग मला आता वेगळाच वाटतो.

हे चित्र ध्यानात कल्पनेने डोळ्यांसमोर आणायचं, की नाथपंथी अनुभव म्हणून नुसतं समजून घ्यायचं? आमच्यात दोन तट पडलेत. मला कल्पना हीच पहिली पायरी वाटते, पण गुरूशिवाय हात घालू नये हेही पटतं. कोल्हापुरात या ओव्या नीट उलगडून सांगणारं कुणी आहे का?