शुक्रवार पेठेतलं पडकं घर : अर्ज देऊन पाडायला लावावं का?

खालची_गल्ली :
मंडळी, मत पाहिजे. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला आमच्या गल्लीत एक जुनं माडीचं घर आहे. अर्धी कौलं गेलीत, तिथं निळी ताडपत्री. भिंतीतनं पिंपळ हातभर बाहेर आलाय. माडीचा कठडा एका बाजूनं सुटलाय आणि त्याच्यावर गेल्या पावसाळ्यापासून कुणाची तरी गोधडी तशीच लोंबतेय. मालक पाच-सहा भावंडं, सगळी बाहेरगावी. दोन्ही बाजूंना लोकांनी कर्ज काढून चांगली घरं बांधली आणि मधे हे किडक्या दातासारखं. पाहुणा आला की पहिला प्रश्न, "हे काय ओ?" सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज द्यायचा विचार आहे. पाडलंच पाहिजे.

कडीपाट :
पाहुण्यांना बरं दिसत नाही म्हणून दुसऱ्याचं घर पाडायचं? कायद्यात तशी सोय नाही. महापालिका अधिनियमाचं कलम 264 बघा. इमारत मोडकळीला आली आहे का, पडून कुणाला धोका आहे का, एवढाच प्रश्न तिथं येतो. तेव्हाही नुसतं 'पाडा' नाही, 'दुरुस्त करा' असंही सांगता येतं. आणि शोभेचंच म्हणाल तर शेजारी उभ्या राहिलेल्या काचा-पत्र्याच्या डब्यांचं काय? दगडी जोतं, सागवानी खांब, कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छताची, माडी आता कोण बांधणार आहे? केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा सगळं गाव हळहळलं. उभं होतं तोवर किती जणांना त्याची पडली होती?

रांगडा_गडी :
कुठं 1915 चं शाहू महाराजांच्या काळातलं नाट्यगृह आणि कुठं ह्ये घुशीचं घर! भावा, कडीपाट लय देखणा असतोय, पण त्याच्याखालनं रोज पोराला शाळंला न्यायचं म्हटल्यावर कळतंय. 2019 ला पाणी आलं, 2021 ला परत आलं. मातीची भिंत पाण्यात टिकली म्हणून खूश व्हायचं नसतंय. पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर बसती ती. पाडा म्हणतो मी, सरळ.

ओळंबा :
रांगडा_गडी यांचं भिंतीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. माती फुगते, वाळताना आकसते, भेगा पडतात आणि वरच्या तुळयांचा भार तसाच असतो. पण 'सरळ पाडा' म्हणणाऱ्यांनी आधी एक बघावं : त्या घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे का? पेठेत बऱ्याच ठिकाणी असते. तिथं जेसीबी घातला तर कर्ज काढून बांधलेल्या घरालाच तडा जाईल. आधी टेकू, मग कौलं, वासे, तुळया वरून एकेक उतरवायच्या, भिंत शेवटी. काम हातानं आणि उन्हाळ्यात. पिंपळ नुसता छाटून उपयोग नाही, मुळं आत राहिली की पुन्हा फुटतो. आणि 30 वर्षांवरच्या इमारतीला कलम 265अ प्रमाणं संरचनेचं, म्हणजे बांधकाम मजबूत असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. अर्जात पाडण्याआधी ते मागा.

समोरची_खिडकी :
धागा काढणाऱ्या दादांनी एक गोष्ट गाळलीय. खालच्या पुढच्या खोलीत एक मावशी शिलाई मशीन घेऊन बसतात. भाडेकरू आहेत, जुन्या. कितीतरी वर्षं गल्लीतल्या ब्लाउजना हुक त्याच लावतात. भाडेकरू घालवायचा सोपा रस्ता म्हणजे घर धोकादायक ठरवून घेणं, हे काय कोल्हापूरला नवीन आहे? अर्ज देणार असाल तर त्यांच्या खोलीचं मोजमाप आणि ताब्याची नोंद आधी कागदावर घ्या. पाडल्यावर हक्क सांगायला भिंतसुद्धा उरत नाही.

खालची_गल्ली :
मावशींना कोण हाकलतंय? पण छत त्यांच्याच डोक्यावर आहे ना? काही झालं तर समोरच्या खिडकीतनं नुसतं बघणार का?

कडीपाट :
हे बोललात ते पटलं. पाहुण्यांपेक्षा हे कारण अर्जात लिहा. मालकांचंही ऐका. बहिणींचा वाटा आहे, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय विक्री नाही की बांधकाम नाही. शिवाय नवीन बांधायचं तर अरुंद गल्लीत पुढं जागा सोडावी लागते. दीड-दोन खणांच्या घराला ते परवडत नाही, म्हणून माणसं जुनंच उभं ठेवतात. आळस म्हणून नव्हे.

रांगडा_गडी :
मग त्यांच्या वाटणीपायी आम्ही भिंतीखालनं जायचं व्हय? कोर्टात बसू द्या निवांत. तोवर कठडा आणि माडी तरी उतरवा.

ओळंबा :
एवढं मात्र पावसाच्या आधी होऊ शकतं. खालची खोली ठेवून वरचा मजला काढता येतो, पण जोतं आणि खालच्या भिंती तपासून. मग वर जो नवीन पत्रा टाकाल त्याचं पाणी सामाईक भिंतीकडं उतरवू नका.

खालची_गल्ली :
ठीक. अर्जाचा मसुदा उद्या टाकतो. मावशींचं नाव घालायचं का नुसतं 'भाडेकरू' लिहायचं, तेवढं सांगा.

समोरची_खिडकी :
आधी त्यांना विचारा की, दादा.