अनुभव धागा: मराठवाड्यातला कुत्रा ब्रिटन-आयर्लंडच्या बेटांवर न्यायचा तर

गोदाकाठ (नांदेड)

नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगरकडची पोरं लंडन-डब्लिनला बिऱ्हाड थाटायलेत आणि मागं राहिलेला कुत्रा म्हाताऱ्या आई-वडिलांच्या गळ्यात पडायलाय. न्यायचं ठरलं तरी सगळे ‘यूके’ एवढंच धरून चालतात आणि तिथंच घोळ होतो. त्या बेटांच्या पुंजक्यात कुत्र्याचे नियम बेटागणिक बदलतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये परवानाच नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तो स्थानिक कौन्सिल देते, आयर्लंडमध्ये पोस्टात मिळतो, जर्सी बेटावर पॅरिशच्या (तिथल्या स्थानिक विभागाच्या) हॉलमध्ये. ज्यांना यातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहा. आमचा मोती किती लाघवी आहे हे दुसऱ्या धाग्यावर. इथं क्रम, आकडे, कागद आणि कुठं अडतं तेवढंच.

सुईवाला (परभणी, पशुवैद्य)

सगळा खेळ क्रमाचा आहे. आधी ओळखीची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग लस लागू पडली का ते बघायला रक्ततपासणी. क्रम उलटला की लस असून नसल्यासारखी.

चिप आयएसओ ११७८४/११७८५ मानकाची, १५ अंकी. दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली बसते. टोचण्याआधी पाकिटातच स्कॅन करून आकडा जुळतो का बघायचा आणि टोचल्यावर पुन्हा स्कॅन करायची. पाकिटावर बारकोडचे चार-सहा स्टिकर असतात. एक लसकार्डावर लावा, बाकीचे जपून ठेवा, रक्ताच्या फॉर्मला लागतात. हाताने १५ आकडे लिहिताना एक आकडा हमखास चुकतो आणि ते कळतं थेट विमानतळावर.

रेबीजची लस चिपनंतर, किंवा त्याच दिवशी चिप आधी लावून. पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं. चिपच्या आधी दिलेली लस ब्रिटन-आयर्लंडवाल्यांच्या हिशेबात धरली जात नाही, मग पाच वर्षं नियमित दिलेली का असेना. कुपीवरचं बॅच नंबर आणि मुदतीचं लेबल सोलून कार्डावर चिकटवून घ्या. नुसतं ‘एआरव्ही (रेबीजची लस) दिली’ आणि खाली गिचमिड सही, असं कार्ड परत येतं. आणखी एक: लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर आणि त्यात लाईट जाते. दुकानातून लस आणायची तर बर्फाच्या डब्यातच आणायची. गाडीच्या डिकीत तासभर भाजलेल्या लसीचं पाप पुढं रक्ताच्या अहवालात दिसतं.

रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी. भारत त्यांच्या यादीबाहेरचा देश असल्यामुळं ही तपासणी टळत नाही. प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त हवं. पहिल्यांदाच एक डोस मिळालेलं तरुण जनावर कधी कधी ०.३-०.४ वर अडकतं. म्हणून महिन्याभरानं दुसरा डोस देऊन त्यानंतर ३० दिवसांनी रक्त काढणं शहाणपणाचं. महिना जास्त जातो, पण नापास झालं तर त्याहून जास्त जातो.

रक्त लाल झाकणाच्या साध्या नळीत घ्यायचं. गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवायचं, वरचं सीरम वेगळं करायचं. सीरम पिवळसर आणि नितळ दिसलं पाहिजे. लालसर झालं म्हणजे पेशी फुटल्या, पुन्हा काढा. अख्खं रक्त तसंच बर्फात घालून कुरिअर करणारे महाभाग आहेत, त्यांचा नमुना प्रयोगशाळा घेत नाही. आणि प्रयोगशाळा त्यांच्या मान्य यादीतलीच हवी, गल्लीतली पॅथॉलॉजी चालत नाही.

रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. अहवाल आल्याच्या तारखेपासून नव्हे, लोक इथंच चुकतात. एकदा पास झालं आणि पुढची प्रत्येक लस मुदतीच्या आत पडली तर रक्त पुन्हा नको. एक दिवस चुकला तर सगळं पहिल्यापासून.

बालाघाट

@सुईवाला, म्हणजे सप्टेंबरच्या ॲडमिशनला जाणाऱ्यांनी चिप कधी लावायची?

सुईवाला

मार्चच्या आत. हिशेबानं चार महिने होतात, पण प्रयोगशाळेचे दिवस, कुरिअर आणि फेरलस धरून सहा धरा. आणि सप्टेंबरला मालकानं जावं, कुत्रा डिसेंबरात, असं मनात असेल तर खालची पाच दिवसांची अट वाचा.

कार्गो-कट्टा (संभाजीनगर)

कागदांचं मी लिहितो.

पहिली गोष्ट, ग्रेट ब्रिटनमध्ये (म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स) कुत्रा विमानाच्या केबिनमधून किंवा तुमच्या सामानातून उतरवता येत नाही. मदतनीस श्वान सोडले तर सगळे कार्गोतून, तेही ठरलेल्या मार्गांनी. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं की तो घरगुती प्रवास राहत नाही, व्यापारी आयातीचे नियम लागतात. जाता येणार नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी लेखी अधिकार देता येतात, पण मग पाच दिवस त्या माणसाच्या प्रवासाशी मोजायचे.

ब्रिटनचं आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांत तिथं पोचायचं. खासगी डॉक्टरची सही पुरत नाही, सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शिक्का लागतो. इकडून निघताना ॲनिमल क्वारंटाइनचं ना हरकत पत्र. ते कार्यालय मुंबईला आहे तसं हैदराबादलाही आहे. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद जवळ पडतं, उगाच मुंबईचा हट्ट धरू नये. संभाजीनगर-जालनेकरांना समृद्धीमुळं मुंबई सोपी, फक्त मधे थांबे घेऊन पाणी पाजत जा.

जंताची गोळी: पोचण्याच्या आधी २४ ते १२० तासांच्या मधे, पशुवैद्याच्या हातून, आणि प्रमाणपत्रावर औषधाचं नाव, तारीख आणि वेळ. औषधात प्राझिक्वांटेल असलंच पाहिजे. साधी अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल दिली तर ती टेपवर्मसाठी (चपट्या पट्टीसारख्या जंतासाठी) धरत नाहीत. तास मोजताना उतरण्याची वेळ धरा, उड्डाणाची नव्हे. लंडन आपल्या मागं, उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास. निघण्याच्या दोन दिवस आधी सकाळी गोळी दिली की विमान लांबलं तरी दोन्ही टोकं सांभाळली जातात.

कस्टमसाठी राहतं घर हलवण्याची सवलत आधीच मागून तिचा क्रमांक घ्या. नाहीतर कुत्र्याच्या किमतीवर २० टक्के व्हॅट बसतो. कागद अपुरे निघाले तर चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइन, आणि खर्च मालकाचा.

कार्गोचा दर ऐकून डोळे फिरतात म्हणून काही जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला उतरतात आणि तिथून गाडीनं फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं कॅले गाठून बोगद्यातल्या रेल्वेनं इंग्लंडमध्ये शिरतात. रस्ता कायदेशीर आहे. फक्त युरोपियन युनियनचं वेगळं प्रमाणपत्र आणि ब्रिटनचं वेगळं, दोन्ही इथूनच करून न्यायची. एकावर दोन्ही भागत नाही.

रंधा (जालना)

पिंजऱ्याचं माप. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत अ, जमिनीपासून कोपरापर्यंत ब, खांद्यांची रुंदी क, उभं असताना डोक्याच्या किंवा कानाच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंत ड. आतली लांबी अ + ब चा निम्मा, रुंदी क × २, उंची ड आणि वर अंथरुणाची जाडी. माप उभ्या कुत्र्याचं घ्यायचं आणि टेप सरळ धरायचा, पाठीच्या बाकावरून नव्हे.

लॅब्राडोर तयार प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात मावतो. करवानी (आपल्याकडचा उंच शिकारी कुत्रा) मावत नाही. खांद्यालाच २६-२८ इंच, त्यावर लांब मान. त्याला सुताराकडून करून घ्यावा लागतो. प्लायवूड वापरा. कच्च्या लाकडाच्या पट्ट्या लावल्या तर त्यांच्यावर उष्णता दिल्याचा शिक्का लागतो आणि तो आपल्या सॉ मिलवाल्याकडं नसतो. दाराची जाळी वेल्ड केलेली हवी, कोंबड्यांची जाळी तो दातानं उसवतो. आत एकही खिळ्याचं टोक, एकही कूस नको. पाण्याची वाटी दारावर आतून, बाहेरून ओतता येईल अशी. चारही बाजूंना हवेची भोकं, नाक जाईल पण पंजा जाणार नाही एवढी.

पिंजरा महिनाभर आधी घरात उघडा ठेवा आणि जेवण आतच द्या. गुंगीचं औषध देऊ नका, विमान कंपन्या गुंगीतलं जनावर घेत नाहीत. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना बऱ्याच कंपन्या मुळातच नाही म्हणतात. एप्रिल ते जून टाळा.

खैरीचा शिकारी (लातूर)

जातींचं. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यानं पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो बंद आहेत. एक्सएल बुली त्यात २०२३ अखेर आला, आणि इंग्लंड-वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय तो जवळ ठेवणंही गुन्हा. आपल्याकडं केंद्राचं १२ मार्च २०२४ चं २३ जातींवरच्या बंदीचं परिपत्रक कर्नाटक हायकोर्टानं रद्द केलं, म्हणून तिकडंही चालून जाईल असं समजू नका. तिथं कागदावरची जात बघत नाहीत, कुत्र्याचं अंगमाप बघतात. ‘क्रॉस आहे साहेब’ चालत नाही.

चाकूर तालुक्यातल्या जानवळकडचा करवानी-पश्मी घेऊन जाणारे आहेत. त्याच्यावर बंदी नाही. पण केनेल क्लबच्या कागदावर त्याचं नाव ‘कॅरव्हान हाउंड’ असतं, दुसऱ्या क्लबचा कागद ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. तिन्ही-चारी कागदांवर एकच नाव ठेवा. आणि हा नजरेनं धावणारा प्राणी. ससा दिसला की हाक ऐकत नाही. ससा-कोल्ह्यामागं कुत्रा सोडणं इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानं बंद आहे, आपल्याकडंही वन्यजीव कायद्यात बसत नाही, ते सोडा. खरी भीती मेंढ्यांची, ते स्कॉटलंडवाल्यानं लिहावं.

ॲबर्डीनकर

लिहितो. स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून मेंढ्या-गुरांमागं कुत्रा लागला तर ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद. चावा घेतलाच पाहिजे असं नाही, नुसतं पळवलं तरी गुन्हा. शेटलंड, ऑर्कनी, हेब्रिडीजला मेंढ्या जिकडंतिकडं. तिथं साखळी सोडायचीच नाही.

परवाना मात्र नाही. ३७ पेन्सचा जुना परवाना ग्रेट ब्रिटननं १९८७ मध्ये मोडीत काढला. त्याच्या जागी दोन गोष्टी: चिप, आणि सार्वजनिक जागी गळ्यात मालकाचं नाव-पत्ता असलेली पट्टी. १९९२ चा आदेश आहे, दंड २,००० पौंडांपर्यंत. पट्टीवर कुत्र्याचं नाव नसलं तरी चालतं, पत्ता नसला तर चालत नाही. भारतात लावलेली चिप चालते, पण ती तिथल्या मान्य नोंदवहीत स्वतः चढवायची. लोक चिप आहे म्हणून निर्धास्त राहतात, स्कॅन केल्यावर नुसता आकडा निघतो आणि नाव कुणाचंच नाही.

लगान नदीकाठी (बेलफास्ट)

इकडं परवाना आहेच, दर वर्षी, तुमच्या कौन्सिलकडून. २०११ च्या कायद्यानं फी ५ पौंडांवरून १२.५० झाली. नसबंदी केलेल्या कुत्र्याला ५. पासष्टीपुढच्या माणसाला पहिला कुत्रा फुकट. आई-वडील इकडंच राहायला येणार असतील तर परवाना त्यांच्या नावावर काढण्यात गैर काही नाही, फक्त कुत्रा खरंच त्यांच्याकडं हवा. चिप नोंदवलेली नसेल तर अर्ज पुढं सरकत नाही. विनापरवाना सापडलात तर १,००० पौंडांपर्यंत दंड.

लंडनहून बेलफास्टला कुत्रा आणायला ४ जून २०२५ पासून वेगळी प्रवास-योजना आहे, कागद फुकट. पण ती ग्रेट ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुत्र्यांसाठी. त्या कागदावर डब्लिनला जाता येत नाही. रस्त्यावर सीमा दिसत नाही, पण कायदा बदललेला असतो.

बाळंतशेपा (डब्लिन)

आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये, म्हणून युरोपचं प्रमाणपत्र. बाकी चिप-लस-रक्त-तीन महिने-गोळी तेच, शिवाय येण्याआधी कळवावं लागतं. परवाना पोस्टात किंवा ऑनलाइन: वर्षाचा २० युरो, कुत्र्याच्या आयुष्यभराचा १४०. सात वर्षांहून जास्त जगणार असेल तर आजन्म घ्या.

इथं रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन पाळता येतात, पण ‘निर्बंधित’ यादीत. बाहेर काढताना तोंडाला जाळी, साखळी दोन मीटरपेक्षा आखूड, धरणारा १६ वर्षांवरचा आणि सांभाळता येईल असा. आपल्याकडचे निम्मे ‘अल्सेशियन’ यात बसतात, त्यामुळं जाळीची सवय लातुरातच लावा. कापडी नळीची नको, धाप टाकता येईल अशी टोपलीची.

गोदाकाठ

चॅनल बेटांचं, म्हणजे जर्सी-गर्न्सीकडचं, कुणी?

खारट वारा (जर्सी)

जर्सी-गर्न्सी यूकेत मोडत नाहीत, ब्रिटिश राजमुकुटाखालची स्वतंत्र बेटं. जर्सीत परवाना दर वर्षी जानेवारीत, आपण राहतो त्या पॅरिशच्या हॉलमधून. एकूण १२ पॅरिश, घर बदललं की पॅरिशही बदलू शकते. १ मे ते ३० सप्टेंबर, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा, समुद्रकिनाऱ्यावर कुत्रा साखळीलाच. गर्न्सीत त्याला कुत्रा-कर म्हणतात आणि त्याच मोसमात ठरावीक किनारे कुत्र्यांना बंदच असतात. तिथल्याच छोट्या सार्क बेटावर तर पूर्वी नसबंदी न केलेली कुत्र्याची मादी फक्त तिथल्या जहागीरदारानं पाळायची, असा कायदा होता.

सुईवाला

नियमात नसलेली एक गोष्ट राहिली. निघण्याच्या महिनाभर आधी गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या, एर्लिकिया आणि बाबेसिया दोन्ही. आपल्याकडचे कुत्रे वरून धडधाकट दिसतात आणि आतून बाळगून असतात. तिकडच्या डॉक्टरांना हा आजार रोजचा नाही, निदानाला वेळ लागतो. आणि आपली तपकिरी गोचीड तिथल्या थंडीत बाहेर टिकत नसली तरी हीटर लावलेल्या घरात छान टिकते. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघा, पिंजऱ्यात घालायच्या दिवशीसुद्धा.