बास्केटबॉलचा डंक मारायचाय, उंची ५ फूट ९ इंच. काय घेऊ? (बजेट २५००)

जाळीपुरता: वय २२, राहायला इंदिरानगर. हात वर करून उभा राहिलो तर बोटं ७ फूट ७ इंचांवर जातात. पळत येऊन उडी मारली की ९ फूट ८, बोटांना खडू लावून भिंतीवर मोजलंय. रिंग १० फुटांवर, आणि डंक म्हणजे बॉल वरून रिंगमध्ये कोंबायचा, तर अजून सहा इंच हवेत. बूट घेऊ, पायाला बांधायची वजनं, की ऑनलाइन जंप प्रोग्राम? की हे जन्मजातच असतं?

सिडकोचा_सेंटर: पाच हजारांखालचे बूट बघूच नको. माझे साडेआठ हजारांचे, तीन वर्षं झाली, सोल जसाच्या तसा.

जाळीपुरता: दादा, २५०० आहेत. उडी किती वाढली तुमची?

सिडकोचा_सेंटर: उडी सोड, ग्रिप बघ.

खरं_बोलतो: जन्मजात. बहामाजचा डोनाल्ड थॉमस बास्केटबॉलवाला. २००६ मध्ये मित्रांशी पैज लावून उंच उडी मारायला लागला, २००७ ला ओसाकात २.३५ मीटर मारून जगज्जेता. लहानपणापासून उंच उडीत घासणारा स्वीडनचा स्टेफान होल्म तिथे मागे राहिला. विषय संपला.

पंचवटीकर: संपला कसा? होल्म १.८१ मीटरचा, आणि २.४० पार केलंय त्याने. डोक्यावरून ५९ सेंटिमीटर! ऑलिंपिक सुवर्णही त्याच्याकडेच, २००४ चं. घासून होतं.

खरं_बोलतो: घासायला मुळात स्प्रिंग लागते ना.

आजोबांचा_नातू: रोज दांडीला लटक, उंची वाढते.

पंचवटीकर: बाविसाव्या वर्षी? हाताला घट्टे पडतील फक्त.

गुडघेदुखी२०१९: वजनं घेऊ नकोस, हात जोडतो. दोन-दोन किलोची बांधून सोसायटीच्या काँक्रीटवर रोज शंभर उड्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यात वाटीच्या खालची शीर अशी धरली की कमोडवरून उठताना नळ पकडायचो. सहा महिने गेले.

सिडकोचा_सेंटर: चांगले बूट असते तर झालं नसतं.

मैदानावरची_ताई: शाळेच्या मुलींना शिकवते. बाबा, आधी उतरायला शीक. खाली येताना गुडघे आत वळतात का, मोबाइलवर व्हिडिओ काढून बघ. आठवड्यातून दोनदा वजन घेऊन स्क्वॅट, दोनदा उड्या, त्याही मोजक्या आणि पूर्ण जोर लावून. दमल्यावर मारलेली उडी फुकट. जमलं तर मातीवर कर. शेवटची दोन पावलं लांब-आखूड अशी टाक, तेवढ्यानेही फरक पडतो. २५०० जिमच्या फीला दे.

खरं_बोलतो: आणि दहा इंच येतील?

मैदानावरची_ताई: शब्द देणार नाही. चार-पाच तर सहज. रिंगला हात लागेल.

लाल_रस्सा: एनबीएचा (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) स्पड वेब ५ फूट ७. १९८६ ची डंक स्पर्धा जिंकला.

पंचवटीकर: आणि मगसी बोग्स ५ फूट ३, एनबीए मॅचमध्ये एकही डंक नाही, तरी चौदा सीझन खेळला. पास शिक.

गुडघेदुखी२०१९: वजनं नको हां, परत सांगतो.

आजोबांचा_नातू: लटकायला काय पैसे पडतात?

जाळीपुरता: सगळ्यांचे आभार. ताई, दोन पावलांचं आज करून बघितलं, ९ फूट ९. पैशांचं मात्र वेगळंच केलं. चेअरमनकाकांना पटवून वेल्डर बोलावला, सोसायटीची रिंग नऊ फुटांवर आणली. ९०० रुपये. संध्याकाळी सात डंक मारले.

सिडकोचा_सेंटर: उरलेल्या १६०० मध्ये बूट येणार नाहीत.

खरं_बोलतो: ही चीटिंग आहे. पत्ता टाक, रविवारी येतो.