मदत हवी आहे : ल माँ २४ तास, कॅम्पिंग आणि प्यायच्या सामानाचं काय करू? (तातडीचं)

पाचवा_गिअर
मंडळी, फ्रान्समधल्या, जूनमधल्या मोटार रेसला जायचं पक्कं झालंय, तिकिटं हातात आहेत. पण कॅम्पिंग सगळं फुल्ल दाखवतंय आणि ग्रुपवर रोज "काय झालं, काय झालं" चालू आहे. पास अजून कुठून मिळू शकतो? नाहीच मिळाला तर गाडीत झोपता येतं का? आणि बिअर वगैरे इथून भरून न्यायची की तिथे घ्यायची, चौघांना चार दिवसांसाठी साधारण किती लागेल? जाऊन आलेल्यांनीच लिहा प्लीज. गूगल करा म्हणू नका, ते करून झालंय. याच आठवड्यात ठरवायचं आहे.

शरयू_त
जूनमधली म्हणजे ल माँ का? आणि "इथून" म्हणजे नक्की कुठून? पुण्यातून निघणाऱ्याला आणि पॅरिसमध्ये राहणाऱ्याला एकच उत्तर कसं देणार?

पाव्हणा_कोल्हापूरचा
शीर्षकातच ल माँ लिहिलंय की ताई. यंदा, २०२६ ला, १३-१४ जून, शनिवारी दुपारी चारला सुरू, रविवारी चारला खलास. पण कुठनं जाणार ते सांग भावा, त्यावर सगळं आहे.

हिरवा_नरक
कॅम्पिंग मिळत नाहीये ना? मग जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या २४ तासांना या. मे-जूनमध्ये असते. जंगलातून जाणारा २५ किलोमीटरचा ट्रॅक, शंभराहून जास्त गाड्या, तिकीट ल माँपेक्षा बरंच स्वस्त. ब्रुनशेन, फ्लान्त्सगार्टेन या पट्ट्यात लोक काही दिवस आधी येऊन लाकडी मचाणं बांधतात, वर सोफे चढवतात, रात्रभर शेकोटी आणि तव्यावर काहीतरी चालूच. कुंपणापलीकडून गाडी जाते तेव्हा ब्रेकच्या डिस्क लाल झालेल्या दिसतात. मी जर्मनीत राहतो, मदत करेन.

पाचवा_गिअर
ल माँची तिकिटं काढून झाली आहेत, न्यूरबुर्गरिंगला पुढे कधीतरी. इथून म्हणजे इंग्लंड, कॉव्हेंट्री. माझीच गाडी, चौघं. प्रश्न कॅम्पिंगचा आहे.

शरयू_त
तिकिटं कोणती? साधं प्रवेशाचं की स्टँडचं? ल माँला प्रवेशाचं तिकीट माणशी असतं आणि कॅम्पिंगचा पास वेगळा, जागेचा. एक असलं म्हणून दुसरं मिळत नाही. तुम्ही कोणत्या कॅम्पसाठी बघितलंत? मेझाँ ब्लाँश आणि तेर्त्र रूज लवकर जातात, कारण ट्रॅकला लागून आहेत. बोसेजूरकडे बघा, तिथून मुख्य स्टँडपर्यंत बरंच चालावं लागतं म्हणून लोक ते शेवटी घेतात. शिवाय आयोजकांच्या, म्हणजे एसीओच्या साइटवरच अधिकृत रीसेलचं पान आहे. लोक बेत रद्द झाला की पास तिथे टाकतात. ते पान सकाळ-संध्याकाळ उघडत राहा. मला पास असाच मिळाला होता.

तंबूत_झोप
शरयूताईंनी सांगितलंय तेच करा. फेसबुकवरच्या ओळखीवर पास घेऊ नका. आमच्या ग्रुपने एकदा घेतला, गेटवर स्कॅन केला तर तो आधीच कुणीतरी वापरलेला. पैसे गेले आणि रात्री अकराला गावाबाहेर जागा शोधत फिरलो.

गाडीत झोपण्याबद्दल : पार्किंगमध्ये तंबू लावू देत नाहीत. सीट मागे टाकून डुलकी काढणारे खूप असतात, पण चार धिप्पाड माणसं चार रात्री एका गाडीत? दुसऱ्या दिवशी मान वळणार नाही. त्यापेक्षा सर्किटच्या आजूबाजूचे शेतकरी आणि खाजगी लोक त्या आठवड्यात शेतं भाड्याने देतात, ते बघा. इंग्लंडमधल्या टूर कंपन्यांचे स्वतःचे कॅम्प पण असतात, महाग असतात, पण शॉवर बरे असतात.

विशाखा_ल
एक विचारते. चौघांचे पासपोर्ट कोणते?

पाचवा_गिअर
पासपोर्टचा काय संबंध? एकाचा ब्रिटिश, आम्हा तिघांचे भारतीय. सगळे इथेच नोकरीला आहेत, इथला व्हिसा आहे.

विशाखा_ल
तोच संबंध आहे. ब्रिटनचा व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. आणि त्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. रेसचं तिकीट म्हणजे राहण्याचा पुरावा नव्हे. म्हणजे कॅम्पिंगचा पास हा तुमच्यासाठी नुसता झोपायचा प्रश्न नाही, त्याच्यावर तिघांचे व्हिसा अडलेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. बिअरचा हिशोब नंतर करा. आज रात्री आधी अपॉइंटमेंट बघा.

पास मिळेपर्यंत, रद्द करता येईल असं हॉटेल किंवा घर बुक करा, ल माँमध्येच हवं असं नाही, तूर, आंजे, अलाँसाँ कुठलंही चालेल. पुढे खरोखर तिथेच राहायची तयारी ठेवा म्हणजे अर्जात काही खोटं राहणार नाही.

हिरवा_नरक
बघा, जर्मनीत राहणाऱ्याला हा व्हिसाचा त्रास नाही.

शरयू_त
ते इंग्लंडमध्ये राहतात हो. न्यूरबुर्गरिंगला यायलाही त्यांना तोच व्हिसा लागणार.

हिरवा_नरक
लागेल, मान्य. पण पैशाचा मोबदला बघा. ल माँला नुसत्या पासाची मारामारी.

पाव्हणा_कोल्हापूरचा
२०२४ ला न्यूरबुर्गरिंगला काय झालं? धुकं पडलं, रात्रभर रेस थांबवली, ५० लॅपमध्ये निकाल लावला. इतिहासातली सगळ्यात कमी अंतराची. माणसं जंगलात धुकं बघत बसली. हवेचा भरवसा नाही त्या डोंगरात.

हिरवा_नरक
त्याच वर्षी ल माँला पावसामुळे रात्री चार तासांहून जास्त सेफ्टी कारच्या मागे हळूहळू गाड्या फिरत होत्या. ते विसरलात का?

पाव्हणा_कोल्हापूरचा
फिरत तरी होत्या.

वसंतकाका_मिरज
मी टीव्हीवर बघितलंय थोडं. मला एक कळत नाही, २४ तास एकच माणूस गाडी चालवतो का? डोळा लागला तर?

शरयू_त
नाही काका, एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात. कुणालाही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण १४ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. आपला करुण चंडोक २०१२ ला उतरला होता, त्याची गाडी सहावी आली. त्याआधी २००९ ला नारायण कार्तिकेयनचं नाव यादीत होतं, पण रेसच्या तोंडावर खांद्याला दुखापत झाली आणि त्याला गाडीत बसताच आलं नाही.

वसंतकाका_मिरज
धन्यवाद. सहावा म्हणजे मोठंच काम. इकडच्या पेपरात कुठे वाचल्याचं आठवत नाही.

गोंयचो_बाबुश
प्यायच्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. मी सांगतो. बिअर कुठेही मिळते, तिच्यासाठी डोकं शिणवू नका. गोव्याहून कुणी येत असेल तर उराक (काजूची पहिल्या वाफेची, फेणीपेक्षा हलकी दारू) मागवा. एप्रिल-मेमध्ये ताजी असते, जूनपर्यंत टिकते. लिंबूसोडा, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची आणि भरपूर बर्फ. दुपारी तीन-चारच्या उन्हात, रेस सुरू होताना, याच्याइतकं थंड काहीच नाही. फ्रेंच लोकांना पाजा, तंबूभोवती रांग लागेल. फेणी रात्रीसाठी ठेवा, ती जड पडते.

विशाखा_ल
बाबुश, चव मान्य आहे, पण इंग्लंडमधून फ्रान्समध्ये शिरताना हद्द आहे. माणशी १६ लिटर बिअर, ४ लिटर वाइन, आणि २२ टक्क्यांच्या वरची दारू १ लिटर. फेणी त्या एका लिटरमध्ये येते. आणि सर्किटच्या गेटवर बॅगा तपासतात, काचेची बाटली आत जाऊ देत नाहीत. उराक-फेणी काचेत असेल तर ती तंबूतच ठेवावी लागेल.

गोंयचो_बाबुश
तंबूतच प्यायची असते ती. गाड्या बघताना उराक कोण पितं?

तंबूत_झोप
बिअर इंग्लंडहून नेऊच नका. गाडीत चार माणसं, दोन तंबू, खुर्च्या, त्यात ६४ लिटर बिअर ठेवणार कुठे? ल माँ शहरात मोठमोठी सुपरमार्केटं आहेत, बुधवारी किंवा गुरुवारी जाऊन भरा. शुक्रवारी संध्याकाळी बर्फाच्या पिशव्या संपलेल्या असतात. फ्रान्समध्ये बिअरच्या २५ सेंटिलिटरच्या छोट्या काचेच्या बाटल्यांचे खोके स्वस्त मिळतात, मोह होतो. ते घेऊ नका, कॅन घ्या, गेटवर कटकट नको. घरून निघताना दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गच्च गोठवून कूलबॉक्सच्या तळाशी रचा. त्या दोन दिवस थंडावा धरतात आणि वितळल्या की प्यायचं पाणी होतं.

किती लागेल : तुमचे चौघं कसे पितात त्यावर आहे. आम्ही माणशी दिवसाला चार कॅन धरतो. पाणी मात्र माणशी तीन लिटरच्या खाली नको. दिवसभर चालणं होतं आणि उन्हात डोकं दुखायला लागलं की लोक ते बिअरवर ढकलतात.

पाचवा_गिअर
हे उपयोगी आहे, धन्यवाद. आमच्यात एक जण पीत नाही, त्यामुळे गाडी चालवायचा प्रश्न नाही. बाकी दोघं शाकाहारी आहेत, त्यांचं काय?

शरयू_त
हे आधी सांगायला हवं होतं, खाण्याचं गणितच बदललं. सर्किटवर फ्राइज, क्रेप, चीज-बगेत मिळतं, पण ल माँची खासियत रियेत, ते डुकराचं मांस. सॅंडविच घेताना विचारून घ्या. गॅसची छोटी शेगडी न्या. पोह्यांचा कोरडा तयार मसाला, उपमा, भाजणी, लसणाची चटणी. थालीपीठ पहाटे पाचला लावा, शेजारचे तंबू जागे होतात.

विशाखा_ल
तूप आणि पनीर नेऊ नका. इंग्लंडमधून युरोपियन युनियनमध्ये दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. खव्याची मिठाईसुद्धा त्यातच आली. तेल न्या, लोणी तिथे घ्या. फ्रान्समध्ये लोण्याला तोटा नाही.

तंबूत_झोप
जो पीत नाही तो चालवणार हे चांगलं, पण एकट्यावर टाकू नका. कॉव्हेंट्रीहून पोर्ट्समथ, रात्रीची बोट फ्रान्समधल्या कॉंला, तिथून ल माँ साधारण दोन तास. कॅलेहून यायचं तर चार तासांच्या वर जातं आणि टोल लागतो. परतीला पाळीपाळीने चालवाल तेव्हा लक्षात ठेवा, फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये ०.८. इंग्लंडच्या सवयीने "एवढं चालतं" म्हणाल तर अडकाल. रविवारी चारनंतर सगळा गाव एकाच रस्त्यावर येतो, म्हणून रविवारची रात्र तिथेच काढा, सोमवारी सकाळी निघा. गाडीत रिफ्लेक्टर जॅकेट आणि त्रिकोण ठेवा, तिथे ते सक्तीचं आहे.

पाव्हणा_कोल्हापूरचा
कानाचे बूच विसरू नका. अ‍ॅस्टन मार्टिनच्या व्ही-१२ इंजिनचा आवाज रात्री दोनला तंबूत शिरतो तेव्हा छाती हालते. झोपायला बूच, पण पहिल्या तासात अजिबात घालू नका. आणि एक छोटा एफएम रेडिओ घ्या, ९१.२ वर इंग्रजी कॉमेंट्री असते. गर्दीत मोबाइलचं नेट मान टाकतं, मग कोण पुढं आहे तेच कळत नाही.

हिरवा_नरक
गमबूट पण घ्या. दोन्हीकडे लागतात. आणि उबदार जॅकेट, जूनमध्येही रात्री बारा अंशांच्या आसपास उतरतं.

शरयू_त
शुक्रवारी रेस नसते, तेव्हा तंबूत झोपून राहू नका. शहरात ड्रायव्हरांची मिरवणूक निघते, जुन्या गाड्यांतून. स्टेशनहून ट्रॅमच्या पहिल्या लाइनने थेट सर्किटपर्यंत जाता येतं, शेवटचा थांबा अंतारेस. रात्रीची शेवटची ट्रॅम किती वाजता ते मात्र आधी बघून ठेवा.

पाचवा_गिअर
अपडेट : रीसेलवर बोसेजूरचा एक पास दिसला आणि मिळाला! एक गाडी, चौघांना पुरेल अशी जागा. व्हिसाची अपॉइंटमेंट तिघांची एकाच दिवशी मिळत नाहीये, लंडनला दोघांची एक, एकाची मँचेस्टरला. चालेल ना वेगवेगळी? पासावर फक्त माझं नाव आहे.

विशाखा_ल
वेगवेगळी चालेल. पण पासावर तुमचंच नाव आहे तर बाकी दोघांच्या अर्जाला तुमचं पत्र जोडा : हे माझ्यासोबत याच जागेवर राहणार, या तारखांना, गाडीचा नंबर अमुक, सोबत पासाची आणि त्यांच्या तिकिटांची प्रत. बोटीचं बुकिंग चौघांच्या नावाने करा, तेही जोडा.

गोंयचो_बाबुश
मँचेस्टरवाल्याला सांग, माझा भाऊ तिथेच राहतो, मे अखेरीस गोव्याहून परततोय. एक लिटर बसते ना हद्दीत?