मदत हवी आहे: शेततळ्याला पूर्वसंमती आली, पण खोदायचं कुठे?

मंडळी,

शेत अंबड तालुक्यात, जालना जिल्हा. कसतो थोरला भाऊ. मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे ऑनलाइन भानगडी माझ्याकडे. महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं पोर्टल) मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून शेततळ्याचा अर्ज केला होता, त्याला पूर्वसंमती आली. अनुदान आकारानुसार, जास्तीत जास्त 75 हजार, तेही काम झाल्यावर मोजमाप करून खात्यात. तोवर पोकलेनवाल्याचे पैसे आपल्या खिशातून. त्याची सोय झालीय. घोडं अडलंय जागेवर.

दादाला तळं वरच्या अंगाला हवंय. तिथे मुरूम, पाणी ठरायचं नाही. म्हणून 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि दिवाळीनंतर विहीर उपसून तळं भरून ठेवायचं. आमच्याकडे बरीच तळी अशीच भरतात. मला हे पटत नाही. वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवावं म्हणून सरकार पैसे देतं आणि आपण जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात मांडायचं? 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात रोज 8 मिलिमीटर जरी आटलं तरी सात हजार लिटर रोज गेलं.

दादाचं म्हणणं, आपण नाही उपसलं तर शेजारची बोअर ओढेल. तेही खोटं नाही. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीची निम्मी बाग सरपणात गेली, ते त्याच्या डोक्यातून जात नाही.

माझ्या मते खालचा कोपरा बरा. वरच्या शिवाराचं पाणी ओघळीने तिथेच येतं आणि जोराचा पाऊस झाला की बांध फोडून जातं. जमीन काळी, खाली पिवळी चिकण माती. गट नंबर तोच. मग जागा बदलली तर पूर्वसंमती चालते का?

दुसरं, आकार. 30 बाय 30 बाय 3, उतार एकास एक धरला तर साधारण 22 लाख लिटर. 20 बाय 20 केलं तर पावणेनऊ लाख. झाडं तीनशे, उन्हाळ्यात झाडाला रोज शंभर लिटर धरतोय. मोठ्या तळ्यात बांधासकट बारा-तेरा गुंठे जातात, म्हणून दादा कां-कूं करतोय.

कोरडवाहू (प्रतिसाद): गट तोच असला तरी परस्पर जागा हलवू नका. कृषी सहायकांना (आता सहाय्यक कृषी अधिकारी म्हणायचं) शिवारात बोलवा, त्यांच्याकडून आखणी करून घ्या आणि मगच मशीन लावा. कागदावर एक जागा आणि खड्डा दुसरीकडे, असं झालं की मोजमाप अडकतं. जागा खालचीच धरा, पण ओघळीच्या पात्रात नको, बाजूला. पाणी आत घेण्याआधी गाळ बसायला छोटा खड्डा काढा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तळ्याची परात होईल. सांडवाही (जादा पाणी बाहेर जायची वाट) आत्ताच ठरवा.

बांधावरची (प्रतिसाद): विहीर खालच्या कोपऱ्यापासून किती लांब आहे? जवळ असेल तर बिनकागदाचं तळं पाझरून तिलाच पाणी देईल, दादांचाही जीव भांड्यात पडेल. कागद घातलाच तर कुंपण आणि काठापासून तळापर्यंत गाठी मारलेले दोर हवेतच. ओल्या कागदावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अनुदान मिळो न मिळो, हा खर्च टाळू नका.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांनाही. विहीर कोपऱ्यापासून दीडशे फुटांवर असेल, थोडी खालच्या बाजूला. हे दादाला सांगितलं तर तो पहिल्यांदाच "बघू" म्हणाला. आखणीसाठी फोन करतोय. आता एकच: चिकण मातीत तळाला कागद न घालता नुसतं रोलरने दाबून कुणी तळं केलंय का? मार्चपर्यंत पाणी राहिलं का?