मदत हवी आहे : जुना फोरट्रान प्रोग्राम नव्या जीसीसीवर वेगळी उत्तरे देतो

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान फाउंड्रीत मी काम करतो. साच्यात ओतलेला रस शेवटी कुठे गोठेल आणि त्यानुसार रायझर (ओतकाम गोठून आकसताना त्याला जादा रस पुरवणारा साठा) केवढा ठेवावा, याचा हिशेब करणारा फोरट्रान ७७ मधील प्रोग्राम आमच्याकडे पूर्वीपासून वापरात आहे. तो लिहिणारे काका आता हयात नाहीत, म्हणून त्यांचे काम नीट समजून घेऊन टिकवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जुना संगणक ३२ बिटचा होता. नव्या ६४ बिटच्या उबुंटूवर जीफोरट्रानने (जीसीसी या कंपायलर-संचातील फोरट्रानच्या कंपायलरने) कंपाइल करताच 'टाइप मिसमॅच' ही एरर आली. एकाच सबरुटीनला (प्रोग्रामच्या हवा तेव्हा बोलावता येणाऱ्या स्वतंत्र भागाला) एका ठिकाणी रिअल म्हणजे दशांश संख्यांचा, तर दुसऱ्या ठिकाणी इंटिजर म्हणजे पूर्णांकांचा ॲरे (संख्यांची यादी) दिलेला आहे. मेमरी वाचवण्यासाठी त्या काळी असे सर्रास करत. जीसीसीच्या १० व्या आवृत्तीपासून हे चालत नाही. 'एफ-अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच' हा पर्याय दिला की एररची जागा वॉर्निंग घेते, पण तो वापरू नये असे जीसीसीच्या मॅन्युअलमध्येच बजावले आहे आणि मलाही ते पटते. ही दुरुस्ती मी करेन.

खरी अडचण पुढची आहे. गोठण्याचा काळ जुन्या नोंदींशी जुळत नाही. ३२ बिटवर जीसीसी प्रोसेसरमधील एक्स८७ या जुन्या गणन-विभागाची ८० बिटांची आकडेमोड वापरत असे, ६४ बिटवर एसएसई हा नवा विभाग वापरते, म्हणून पुन्हा एक्स८७ वापरायला लावणारा 'एम-एफपीमॅथ=३८७' हा पर्याय देऊन पाहिले; फरक कमी झाला, पण गेला नाही. सबरुटीनच्या आतल्या (लोकल) व्हेरिएबलची किंमत कॉल संपल्यावरही जपणारा 'एफ-नो-ऑटोमॅटिक' हा पर्याय दिल्यावर मात्र उत्तरे जुळली. याचा अर्थ, एखादे लोकल व्हेरिएबल सबरुटीनच्या दोन कॉलच्या दरम्यान आपली किंमत टिकवून ठेवेल, असे 'सेव्ह' (किंमत जपण्याची फोरट्रानमधील सूचना) न लिहिता गृहीत धरलेले असावे.

ते व्हेरिएबल शोधायचे कसे? किंमत न दिलेल्या रिअल व्हेरिएबलमध्ये सुरुवातीलाच अवैध संख्या भरणारा 'एफ-इनिट-रिअल=एसनॅन' आणि तशी संख्या वापरली जाताच प्रोग्राम थांबवणारा 'एफएफपीई-ट्रॅप=इनव्हॅलिड' हे पर्याय एकत्र वापरले, परंतु प्रोग्रामभर 'इक्विव्हॅलन्स' (एकच मेमरी अनेक व्हेरिएबलना वाटून देणारी सूचना) असल्याने तेथील व्हेरिएबलना पहिला पर्याय लागूच होत नाही. अशा वेळी व्हॅलग्रिंडचा (चालू प्रोग्रामच्या मेमरीतील चुका शोधणाऱ्या साधनाचा) उपयोग होईल का, की प्रत्येक सबरुटीन वेगळ्या फाइलमध्ये काढून एकेकाला 'एफ-नो-ऑटोमॅटिक' लावत जाणे अधिक खात्रीचे ठरेल? सगळीकडे सरसकट 'सेव्ह' लिहून मोकळे होणे सोपे आहे, पण मग मूळ हिशेब कुठे कशावर अवलंबून आहे हे कधीच कळणार नाही.

संबंधित सबरुटीन येथे देता येतील. मालकांची त्यास संमती आहे.